श्वासाकडे लक्ष दिलं की जीव घाबरतो

प्रश्न : मी चाळिशीची आहे. सतत कसली ना कसली काळजी असते, रात्री झोप लागत नाही. मनःशांतीसाठी रोज वीस मिनिटं डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवते. पाच मिनिटांतच छातीवर दडपण येतं, बोटांना मुंग्या येतात. समुपदेशकांकडे दोनदा जाऊन आले, पण त्यांनी नुसते प्रश्नच विचारले. माझ्यातच काही खोट आहे का?

उत्तर : खोट वगैरे काही नाही. काळजीचा त्रास असलेल्या बऱ्याच जणांना श्वासावरचं ध्यान जड जातं. लक्ष गेलं की आपण नकळत श्वास ओढून घेऊ लागतो. गरजेपेक्षा जास्त श्वासोच्छ्वास झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मुंग्या, हलकं डोकं, आवळलेली छाती हे बहुधा त्याचंच. त्याने मन घाबरतं आणि धडधड आणखी वाढते. जिना चढताना छातीत दुखत असेल किंवा एरवीही धडधडत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, थायरॉइडही तपासून घ्या.

तूर्त श्वासाचा नाद सोडा. खुर्चीत बसा, डोळे उघडे, नजर समोर जमिनीवर. लक्ष तळपायांवर न्या : टाच कुठे टेकली आहे, कोणत्या बोटावर भार आहे, फरशी गार आहे का. तीन मिनिटं, दिवसातून दोनदा, तेही शक्यतो मन बऱ्यापैकी ठीक असताना. ऐन घबराटीत नवी गोष्ट शिकता येत नाही. मन भरकटेलच. ते ध्यानात आलं की मनातल्या मनात ‘काळजी’ एवढंच म्हणा आणि पुन्हा तळपायांवर या. पंधरा वेळा परतावं लागलं, तर पंधरा वेळा सराव झाला. ‘आता शांत वाटतंय का’ हे दर मिनिटाला तपासणं तेवढं टाळा. निम्मा बिघाड तिथेच होतो. आठवडाभर जमलं की पाच मिनिटं करा.

अमेरिकेतल्या जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेला माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे घडतंय त्याकडे बरं-वाईट न ठरवता लक्ष देण्याचा, अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा आहे. त्यात बसण्याखेरीज शरीराच्या एकेका भागावरून लक्ष फिरवणं आणि हलकी योगासनंही असतात. मुख्य म्हणजे शिकवणारं माणूस असतं. एकटीने पहिल्या दिवसापासून वीस मिनिटं बसणं त्याहून अवघड. डोळे मिटल्यावर जुना एखादा भीतीदायक प्रसंग समोर येत असेल, तर ते ध्यान थांबवा आणि समुपदेशकांना सांगा.

आता समुपदेशनाचं. पहिल्या एक-दोन भेटी माहिती घेण्यातच जातात, त्यामुळे इतक्यात निकाल लावू नका. तिसऱ्या भेटीत सरळ विचारा : माझी अडचण तुम्हाला काय वाटते, कोणत्या पद्धतीने काम करायचं, साधारण किती भेटी, फरक पडला हे कशावरून ओळखायचं? काळजीसाठी सीबीटी, म्हणजे आपले विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, ही चांगली तपासलेली पद्धत आहे. आठवड्याला पाऊण तासाची एक भेट, अशा बारा ते सोळा भेटी धरून चला. भेटींच्या मधल्या दिवसांत घरी वहीत नोंदी ठेवायच्या असतात. उदाहरणार्थ : ‘मुलीने फोन उचलला नाही. मनात आलं, अपघात झाला. भीती १०० पैकी ८५. गेल्या महिन्यात असं चारदा झालं, चारही वेळा फोन सायलेंटवर होता. आता भीती ५०.’ ५० वरच अडली तरी चालेल, शून्यावर आणायचा हट्ट नको. पाच-सहा भेटींनंतरही दिशा दिसली नाही, तर समुपदेशक खुशाल बदला. त्यात भिडेचं काही नाही.

झोपेसाठी एक करा. संध्याकाळी वीस मिनिटं काळजीसाठीच राखून ठेवा आणि जे जे सतावतं ते लिहून काढा. रात्री विचार आलाच, तर त्याला उद्या संध्याकाळची वेळ द्या. मात्र ‘जगणंच नको’ असे विचार येत असतील, तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना किंवा जवळच्या रुग्णालयात दाखवा, आणि एकट्या जाऊ नका.

पुढच्या भेटीला वही सोबत न्या. ध्यानात होणाऱ्या त्रासाबद्दल त्यांना अजून सांगितलं नसेल, तर सुरुवात तिथूनच करा.