वाचकांचे प्रश्न : ब्रिटनीचा काळा-पांढरा झेंडा

प्रश्न : फ्रान्समधल्या सायकल शर्यतीत रस्त्याकडेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेंडा दिसतो. तो कुणाचा? अमेरिकेच्या झेंड्याची नक्कल वाटते.

उत्तर : वायव्य फ्रान्समधल्या ब्रिटनीचा. नाव ‘ग्वेन हा ड्यू’, ब्रेटन भाषेत ‘पांढरा आणि काळा’. नक्कल नव्हे, पण तुमची नजर चुकली नाही. ब्रेटन वास्तुविशारद मोर्व्हां मार्शाल यांनी तो 1923 च्या सुमारास आखला, तेव्हा अमेरिका आणि ग्रीसचे झेंडे त्यांच्यासमोर होते. पाच काळे पट्टे फ्रेंच आणि गालो (फ्रेंचला जवळची स्थानिक भाषा) बोलणाऱ्या पूर्व भागातल्या जुन्या धर्मप्रांतांचे, चार पांढरे ब्रेटनभाषक पश्चिमेचे. डाव्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या चौकोनावर काळे ठिपके असतात, त्यांचं मूळ मात्र 1316 मधलं, ब्रिटनीच्या ड्यूकच्या, म्हणजे तिथल्या शासकाच्या निशाणातलं. ‘अर्मिन’ या मुंगसाहून लहान प्राण्याची हिवाळ्यात पांढरी होणारी कातडी आणि शेपटीचं काळं टोक, तेच ते. नुसत्या ठिपक्यांचं निशाण लांबून फ्रेंच राजाच्या लिलीफुलांसारखं दिसे, म्हणून पट्टे आले.

दुसऱ्या महायुद्धात काही ब्रेटन स्वायत्ततावादी जर्मनांना मिळाले आणि झेंडा बदनाम झाला. 1960-70 च्या दशकांत ब्रेटन संगीत आणि भाषेच्या चळवळीने तो पुन्हा उचलला. आज तो नगरपालिकांवरही फडकतो.

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनासाठी शिवायचा आहे. मापं द्याल?

उत्तर : 54 × 81 सेमी घ्या, म्हणजे नऊ पट्टे बरोबर 6 सेमींचे होतात. (60 सेमी उंची घेतलीत तर भागाकारातच अडकाल.) शिलाईसाठी पट्ट्या 8 सेमी रुंद कापा, सर्वांत वरची आणि खालची 9, कारण काठ दुमडायचा असतो. सुरुवात आणि शेवट काळ्यानेच.

ठिपक्यांचा चौकोन वरच्या चार पट्ट्यांएवढा, 24 सेमी उंच. रुंदी 30 ठेवली की 4-3-4 असे अकरा ठिपके सुटसुटीत बसतात. चौकोनाशेजारी येणाऱ्या वरच्या चार आखूड पट्ट्या आधी आपसात जोडा, उंची मोजा, मगच चौकोन लावा. त्याची खालची कड काळ्या पट्ट्यावर टेकली पाहिजे. पांढऱ्यावर आली तर चौकोन दिसतच नाही. प्रत्येक ठिपका म्हणजे एक शेपटी आणि तीन बुंदके: शेपटी खाली, बुंदके वर. उलटे चिकटवणं ही नेहमीची चूक.

काळं सुती कापड कापण्याआधी रंग सुटायचा थांबेपर्यंत धुवा, नाहीतर पहिल्याच ओलाव्यात पांढरं करडं होतं. शिवणीतलं जादा कापड इस्त्रीने काळ्या बाजूला वळवा. पांढऱ्याखाली राहिलं तर उजेडात काळी रेघ दिसते.