पीई 8 दिसतोय, केप 20 येतोय, मग 12 लाख टाकू का?

नमस्कार. तुमचा प्रश्न बराच मोठा होता, बाकीच्यांना कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. वय 44, राहायला मोशीत, चाकणला ट्रकच्या पार्ट्सचं मशिनिंग करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. एफडी मॅच्युअर होऊन 12 लाख हातात येतायत. होमलोन 19 लाख बाकी, व्याज 8.4 टक्के. मुलगी अकरावीत. खराबवाडीत चार खोल्या बांधल्यात, त्या कामगारांना भाड्याने दिल्यात. आणि ट्रकची कास्टिंग (धातू ओतून केलेले पार्ट) बनवणाऱ्या एका लिस्टेड कंपनीचा शेअर 640 ला मिळतोय, गेल्या वर्षीचा ईपीएस, म्हणजे एका शेअरमागचा वर्षाचा नफा, 76, म्हणजे पीई (भाव भागिले ईपीएस) 8.4, म्हणून तुम्हाला तो फुकटात मिळाल्यासारखा वाटतोय. मग केपबद्दल ऐकलं, दहा वर्षांचे ईपीएस महागाईने वाढवून सरासरी काढली आणि भावाला तिने भागलं तर आकडा 17.6 आला. आता यातला खरा कुठला आणि 12 च्या 12 लाख टाकू का, हा प्रश्न.

12 लाख नाही. दीड लाखापर्यंत हरकत नाही. कंपनीचं नाव इथे घेत नाही, कारण त्याने उत्तर बदलत नाही.

आधी तुम्ही गणित करायला बसलात याचं कौतुक, बहुतेक लोक टिप आली की आधी ऑर्डर टाकतात आणि पीई नंतर बघतात. ही पद्धत तशी जुनी आहे. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड या अमेरिकन गुंतवणूक लेखकांनी 1934 सालीच सांगून ठेवलं होतं की एका वर्षाच्या नफ्यावर जाऊ नका, पाच, सात, जमलं तर दहा वर्षांची सरासरी घ्या. 1988 मध्ये जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर या अर्थतज्ज्ञांनी त्यात महागाई घातली आणि अख्ख्या अमेरिकन बाजारावर ती लावून बघितली, त्यालाच आता केप म्हणतात. शिलरना 2013 मध्ये नोबेल मिळालं. पण त्यांनी ती इंडेक्सला, म्हणजे अनेक कंपन्यांच्या एकत्र निर्देशांकाला, लावली होती, एकेका शेअरला लावताना हात जरा जपून चालवावा लागतो.

आता तुमचा 17.6. तुम्ही दहा ईपीएस पाठवलेत, 2015-16 पासून ओळीने 14, 17, 26, 34, 8, उणे 11, 12, 38, 61, 76. यातलं उणे 11 चं वर्ष तुम्ही 'कोविडचं म्हणून धरलं नाही' असं लिहिलंय. तिथेच घोळ आहे. ट्रकचा धंदा कोविडने बसला हे अर्धंच खरं. देशातली कमर्शियल गाड्यांची विक्री 2018-19 मध्ये 10 लाखांच्या थोडी वर होती, 2019-20 मध्ये ती 7.17 लाखांवर आली, आणि लॉकडाऊन लागला 25 मार्च 2020 ला, म्हणजे वर्ष जवळपास संपल्यावर. त्याच्या आधीच 2018 च्या जुलैत ट्रकला जास्त माल भरायची परवानगी मिळाली होती, त्यामुळे आहे त्याच गाड्यांत जास्त माल जायला लागला आणि नव्या गाड्या घ्यायची गरज कमी झाली, सप्टेंबरात आयएलएफएस ही मोठी फायनान्स कंपनी बुडाल्यावर बाकीच्या फायनान्स कंपन्यांनी हात आखडले, पुढे बीएस सिक्स हे प्रदूषणाचे नवे नियम. कोविडने 5.68 लाखांपर्यंत खाली ढकललं हे बरोबर, पण घसरगुंडी आधीच लागली होती, आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, तुमचा ओव्हरटाइम दिवाळी 2019 च्या आधीच बंद झाला होता असं तुम्हीच लिहिलंय! दहा वर्षं घ्यायची तीच मुळी एक तेजी आणि एक मंदी दोन्ही पोटात यावीत म्हणून. मंदीचं वर्ष काढून टाकलं की सरासरी काढायला काही अर्थच उरत नाही.

ते वर्ष परत घातलं की तुमच्याच पद्धतीने 20.4 येतो.

दुसरं, महागाईसाठी तुम्ही इन्कम टॅक्सचा सीआयआय (जुनी खरेदी किंमत महागाईने वाढवायचा इंडेक्स) वापरलात, 2015-16 चा 254 आणि 2024-25 चा 363. कल्पना चांगली आहे, आकडे सहज मिळतात, पण तो इंडेक्स शहरी महागाईच्या पूर्ण वाढीवर नाही, तिच्या 75 टक्क्यांवर बनतो, त्यामुळे जुना नफा थोडा कमीच वाढवला जातो. त्या दहा वर्षांत महागाई साधारण वर्षाला 5 टक्के धरली तर सगळ्या ईपीएसची आजच्या रुपयातली सरासरी 32 येते आणि 640 भागिले 32 म्हणजे 20. थोडक्यात 20.4 चा 20 झाला, म्हणजे महागाईच्या ज्या आकड्यांवर तुम्ही रविवार घालवलात त्यांनी काहीच बिघडलं नाही, आणि एक वर्ष गाळल्याने जवळपास तीन अंकांचा फरक पडला. महागाई अजिबात धरली नसती तर 23 आला असता. दशांशाच्या मागे लागू नका, त्यापेक्षा दहाही वर्षं धरलीत का ते बघा.

मग 20 हाच खरा का? तेही नाही. 2015-16 मध्ये ही कंपनी लहान होती, मध्ये तिने नवी फाउंड्री (ओतकामाची) लाइन टाकली, त्यामुळे जुना 14 चा ईपीएस महागाईने वाढवून 22 केला तरी आजच्या कंपनीची कुवत त्यात दिसत नाही. अख्ख्या इंडेक्सला हा प्रश्न कमी जाणवतो, एका कंपनीला खूप. म्हणून मी एक दुसरं गणित बाजूला ठेवतो. आज शेअरमागे विक्री 900 रुपये आहे, गेल्या वर्षी त्यावर नफा साडेआठ टक्क्यांच्या जवळ सुटला, पण तुम्ही पाठवलेल्या शीटप्रमाणे दहा वर्षांची सरासरी 4.8 टक्केच आहे. 900 चे 4.8 टक्के म्हणजे 43. 640 भागिले 43, म्हणजे 15. (सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांचा मूळ टॅक्स 30 वरून 22 वर आला, त्यामुळे त्याआधीचे नफे आजच्या नियमाने थोडे जास्त दिसले असते, ते धरलं तर अजून जरासा कमी.) म्हणजे शेअर सरासरी नफ्याच्या 15 ते 20 पटीत कुठेतरी आहे. महाग म्हणता येणार नाही, पण 8.4 ची जी लॉटरी तुम्हाला दिसतेय ती नाहीये.

2023 च्या जुलैत टोमॅटोचे भाव कसे कडाडले होते आठवतंय ना, त्या महिन्याची पट्टी (शेतकऱ्याला मिळणारी विक्रीची पावती) बघून नारायणगावात कोणी जमिनीचा भाव ठरवला असता का? 76 चा ईपीएस ही ती पट्टी आहे.

आणि बाजाराला हे कळत नाही असं समजू नका. टाटा स्टीलचं बघा, 2021-22 मध्ये नफा 41,700 कोटींच्या आसपास, मार्च 2022 च्या भावाला पीई चारच्या जवळ. पुढच्या वर्षी नफा 8,000 कोटींवर, त्याच्या पुढच्या वर्षी 4,900 कोटींचा तोटा. आता गंमत बघा, शेअर मार्च 2022 ला आजच्या हिशोबाने 130 च्या आसपास होता आणि मार्च 2024 ला 155 च्या आसपास. नफा सगळा गेला तरी भाव कोसळला नाही, कारण तो 41,700 चा नफा टिकणार असं बाजाराने कधी धरलंच नव्हतं. सायकलिकल, म्हणजे तेजी-मंदीबरोबर नफा वरखाली होणाऱ्या, कंपनीचा पीई जेव्हा इतका कमी दिसतो तेव्हा बाजार सरासरी मनात धरूनच भाव लावत असतो, तुम्ही ती कागदावर काढलीत एवढंच.

केप बघून खरेदी-विक्रीची वेळ साधता येते असंही कोणी सांगितलं तर ऐकू नका. 1996 च्या डिसेंबरात शिलर आणि कॅम्पबेल यांनी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हपुढे (तिथल्या मध्यवर्ती बँकेपुढे) बाजार महाग असल्याचं सांगितलं होतं, त्यानंतर मार्च 2000 पर्यंत तो दुप्पट झाला आणि मग पडला. आणि वेगाने वाढणाऱ्या कंपनीला केप लावला तर ती कायम महागच दिसणार, तिथे तो वापरूच नका.

आता पैशाकडे येऊ. आजच्या रुपयातला 32 चा नफा 640 वर म्हणजे 5 टक्के, 43 धरला तर 6.7 टक्के. हे महागाई वगळून आहेत, वर महागाईचे 5 धरले तर ढोबळ 10 ते पावणेबारा टक्के, तेही सगळं अंदाजाप्रमाणे गेलं तर. तुमचं होमलोन 8.4 टक्के, नव्या टॅक्स रिजीममध्ये असल्यामुळे राहत्या घराच्या व्याजाची सूट तुम्हाला मिळत नाही, म्हणजे लोनमध्ये भरलेला रुपया खात्रीने आणि टॅक्स न लागता 8.4 टक्के कमावतो. वरच्या दोन-तीन टक्क्यांसाठी एकाच कंपनीवर 12 लाख लावायचे का, असा हा प्रश्न आहे. मला नाही वाटत.

पण मला जास्त काळजी वेगळीच आहे आणि ती पीईत पण दिसत नाही आणि केपमध्ये पण नाही. तुमचा पगार ट्रकवर, खराबवाडीच्या खोल्यांचं भाडं चाकणच्या कॉन्ट्रॅक्ट कामगारांवर म्हणजे फिरून गाड्यांवरच, आणि आता बचतही ट्रकच्या कास्टिंगवर. 2020 मध्ये चारपैकी तीन खोल्या रिकाम्या होत्या असं तुम्ही लिहिलंय. त्याच वर्षी या कंपनीचा ईपीएस उणे 11 होता. दोन्ही एकदम झालं हा काही योगायोग नाही. शेअर 40 टक्के पडला तर 12 लाखांतले 4.8 लाख जातात, आणि तो पडेल तेव्हा नेमका तुमचा बोनसही नसेल आणि भाडंही येत नसेल, मग मुलीच्या फीसाठी तळाच्या भावात विकावा लागेल. हिंजवडीत आयटीत असलेल्या माणसाने हाच प्रश्न विचारला असता तर मी कदाचित तीन लाखांपर्यंत गेलो असतो.

माझी वाटणी अशी, 4 लाख मुलीच्या पहिल्या दोन वर्षांच्या फीचे, एफडीत, खाजगी कॉलेजला वर्षाला दीड-दोन लाख सहज लागतात. 2 लाख अडीअडचणीला, पण दुसऱ्या बँकेत, कारण विमा एका बँकेत व्याजासकट 5 लाखांपर्यंतच आहे आणि तुमची सध्याची एफडी सहकारी बँकेत होती. साडेचार लाख होमलोनमध्ये, फ्लोटिंग रेट आहे त्यामुळे प्रीपेमेंटला चार्ज नाही, पहिल्याच वर्षी साधारण 37-38 हजार व्याज वाचतं. उरलेल्या दीड लाखात हा शेअर घ्या, पण एकदम नाही, तीन हप्त्यांत, आणि दुसरा हप्ता नफा घसरल्याचा एक तरी तिमाही निकाल आल्यावरच, तेव्हाही तुम्हाला घ्यावासा वाटला तर घ्या. शीटमध्ये दर वर्षी नवा ईपीएस घाला, जुना काढा. उणे 11 सरासरीतून बाहेर पडेल त्या वर्षी केप अचानक स्वस्त दिसेल, त्याने हुरळून जाऊ नका.

आणि प्रीपेमेंट करताना बँक विचारेल ईएमआय कमी करू की मुदत. सगळे मुदत कमी करा सांगतात, व्याज जास्त वाचतं हे खरंय, पण तुमचं उत्पन्न वरखाली होतं म्हणून तुम्ही ईएमआय कमी करून घ्या आणि ओव्हरटाइम चालू असेल त्या महिन्यांत फरकाची रक्कम स्वतःहून जास्तीची भरत जा.