‘सॅड’ इस्त्रीला कसलं दुःख? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : जुन्या वस्तूंच्या लिलावाच्या यादीत एका लोखंडी इस्त्रीचं वर्णन ‘सॅड आयर्न’ असं दिलंय. ‘सॉलिड’चा अपभ्रंश असावा, असं एका जाणत्या संग्राहकाचं म्हणणं. खरं काय?

उत्तर : अपभ्रंश नाही. ‘सॅड’लाच पूर्वी भरीव आणि जड असा अर्थ होता. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता पोट भरलेला, तृप्त. जर्मनमधला ‘satt’ (तृप्त) याच घराण्यातला, आणि लॅटिन ‘सॅटिस’ (पुरेसं) हाही. भरलेलं ते घट्ट, घट्ट ते जड आणि पक्कं, पक्कं ते गंभीर, आणि गंभीरवरून शेवटी खिन्न, असा हा प्रवास. मात्र नवा अर्थ आला म्हणून जुना लगेच गेला नाही. काही शतकं ते एकत्र नांदले, आणि कारागिरांच्या बोलीत जुना अर्थ पुस्तकांपेक्षा खूप जास्त टिकला.

आता इस्त्रीकडे. आपल्याकडची कोळशाची इस्त्री पोकळ असते, निखारे पोटात घालायचे. सॅड आयर्नला पोट नसतं. साधारण दोन ते चार किलोंचा ओतीव लोखंडाचा ठोकळा चुलीवर तापवायचा. तो काही मिनिटांतच निवतो, म्हणून एक हातात आणि एक चुलीवर अशी निदान जोडी लागायची. लोखंडी मूठही तापायची, त्यामुळे ती फडक्याने धरावी लागे. तळाला काजळी राहिली की पांढऱ्या कापडावर पट्टा उमटायचा, म्हणून तापलेला तळ आधी चिंधीवर घासायचा आणि मग मेणावरून फिरवायचा.

यादीत ‘मिसेस पॉट्स’ असं लिहिलं असेल तर ते अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या मेरी फ्लॉरेन्स पॉट्स यांच्या 1871 च्या पेटंटचं रूप. काढता येणारी लाकडी मूठ आणि दोन्ही टोकं निमुळती, ही त्याची खूण. मूठ एकच आणि ठोकळे अनेक असा संच विकला जाई. सुटा ठोकळा विकायला आला तर मुठीची चौकशी करा. लाकडी असल्याने बहुधा तीच हरवलेली असते.

प्रश्न : एम.ए.ला चौदाव्या शतकातला इंग्रजी कवी चॉसर आहे. त्याच्या एका कथेतल्या ग्रिसेल्डाला कवी ‘सॅड’ म्हणतो. इतका छळ सोसलेली बाई दुःखी असणारच, मग टिपेत ‘अविचल’ असं का दिलंय?

उत्तर : टीप बरोबर आहे, आणि पुरावा त्याच कडव्यात आहे. ‘कँटरबरी टेल्स’मधल्या क्लार्कच्या कथेत नवरा वॉल्टर तिची मुलं काढून घेतो, तिला माहेरी धाडतो, पुन्हा बोलावून दुसऱ्या लग्नाच्या तयारीला जुंपतो. इतकं होऊनही ती ‘सॅड अँड कॉन्स्टंट अ‍ॅज अ वॉल’, म्हणजे भिंतीसारखी पक्की. दोनच ओळी आधी तिच्या प्रसन्न चेहऱ्याचा उल्लेख आहे. प्रसन्न आणि खिन्न एका दमात कसं जमायचं? शिवाय याच कथेत लहरी जनतेला ‘अनसॅड’ म्हणून झोडपलंय. तिथे ‘दुःखी नसलेली’ असा अर्थ लावून पाहा, वाक्य कोसळतं. धर्मसुधारक जॉन विक्लिफच्या परंपरेतल्या, चौदाव्या शतकातल्या इंग्रजी बायबलमध्येही घराचा पाया ‘सॅड’ दगडावर आहे. तो दगड रडत नाही.

शेक्सपिअरपाशी आल्यावर मात्र जपून. त्याची पुढची दोन्ही नाटकं 1600 सालीच छापली गेली. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’च्या पहिल्याच ओळीत अँटोनिओ आपण ‘सॅड’ का आहोत ते कळत नाही म्हणतो. तिथे खिन्न हाच अर्थ. ‘मच अ‍ॅडो’मध्ये लपून ऐकणारा बेनेडिक मित्रांचं बोलणं ‘सॅडली’ चाललं होतं म्हणतो, म्हणजे गंभीरपणे, थट्टा नव्हे असं त्याला वाटतं. मित्र तर त्याची फिरकी घेत असतात. तिथे ‘दुःखाने’ असं भाषांतर केलं की विनोदच मेला.

म्हणून शब्दाआधी त्याच्या सोबतचं नाम बघा. दगड, माती, लोखंड, पाव असेल तर घट्ट किंवा जड. कापड किंवा रंग असेल तर गडद. कपाळ, चेहरा, सल्ला असेल आणि मजकूर सतराव्या शतकापर्यंतचा असेल तर आधी ‘गंभीर’ लावून पाहा. नुसता माणूस असेल तर मागच्या-पुढच्या चार ओळी वाचल्याशिवाय निर्णय नको. कोलरिजच्या 1798 च्या ‘एन्शंट मरीनर’ या कवितेच्या अखेरीस लग्नाला आलेला पाहुणा ‘सॅडर अँड वायझर’ होऊन उठतो. तिथे गांभीर्य आणि खिन्नता दोन्ही मिसळलेली आहेत, आणि कुठलीही एकच निवडणारं भाषांतर आम्हाला अपुरं वाटतं.

प्रश्न : नैसर्गिक रंगकामाच्या इंग्रजी पुस्तकात ‘सॅडनिंग’ ही पायरी आहे. ती कशी करायची?

उत्तर : चढलेला रंग लोहक्षाराने काळपट, गडद करणं म्हणजे सॅडनिंग. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या प्युरिटन (कडव्या ख्रिस्ती पंथाच्या) वसाहतींत ‘सॅड’ रंग म्हणत ते हेच मंद, गडद रंग : तपकिरी, जांभळट, गडद हिरवे. प्युरिटन सगळे काळेच कपडे घालत हा समज चुकीचा, कारण पक्का काळा रंग महाग पडे.

लोहक्षार म्हणजे आपला हिराकस. 100 ग्रॅम कोरड्या लोकरीला 2 ग्रॅम पुरतो. तुरटी देऊन लोकर रंगवून झाली की ती भांड्यातून बाहेर काढा. हिराकस वेगळ्या कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मगच रंगाच्या पाण्यात ओता, ढवळा आणि लोकर परत सोडा. मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं हलवत राहा आणि हव्या छटेच्या थोडं आधीच थांबा. नंतर भरपूर पाण्यात खळबळून घ्या. झेंडूचा पिवळा शेवाळी होतो, मंजिष्ठेचा लाल जांभळट-तपकिरी होतो. हिरडा दिलेलं सुती कापड झपाट्याने करडं ते काळं होतं, कारण हिरड्यातलं टॅनिन लोहाला धरतं. तिथे हात आखडताच ठेवा.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. माल भांड्यात असतानाच हिराकस टाकला तर डाग पडतात. प्रमाण वाढलं तर लोकर खरखरीत होते आणि रेशीम कुजतं. आणि भांडं वेगळं ठेवलं नाही तर लोहाचा अंश पुढच्या पिवळ्या-लाल रंगांना मळकट करतो. ढवळायची काठीसुद्धा वेगळी हवी. हिरवट खडे तांबूस पडले असतील तर ते हवेने गंजलेत, नवे आणा.

प्रश्न : इंग्रजी पाककृतीत केक ‘सॅड’ होईल असा इशारा आहे. म्हणजे?

उत्तर : फुगणार नाही, तळाशी दडस थर बसेल. बेकिंग पावडर जुनी, पातळ घटक जास्त, मिश्रण कालवून ताटकळत ठेवलेलं किंवा ओव्हन पुरेसा तापलेला नाही, यांपैकी काहीतरी असतं. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली नाही तर फेकून द्या. इंग्लंडच्या लँकाशरमधला ‘सॅड केक’ मात्र मुद्दामच चपटा असतो : मैदा, चरबी, पाणी आणि मनुका लाटून भाजलेला. तो फुगला नाही म्हणून ओव्हनला दोष देऊ नका.