ओपेनहायमरने श्लोक म्हणायचा की नाही?

प्रश्न : पहिल्या अणुबॉम्बच्या निर्मितीवर मी ऐतिहासिक कादंबरी लिहिते आहे. ट्रिनिटी या पहिल्या अणुचाचणीच्या स्फोटाच्या वेळी बॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञांचा प्रमुख ओपेनहायमर हात जोडून गीतेतलं 'कालोऽस्मि' मोठ्याने म्हणतो, असं दाखवलं आहे. माझे यजमान म्हणतात, हे खोटं आहे. एवढं स्वातंत्र्य घेऊ नये का? शिवाय माझी नायिका एका शास्त्रज्ञाची बायको आहे. तिला बॉम्बबद्दल कितपत माहीत असावं? पहिलं प्रकरण सोबत पाठवते आहे. – एक वाचक, सातारा

उत्तर : यजमानांचं ऐका, निदान या बाबतीत. ती ओळ आपल्याला आठवली, असं ओपेनहायमर १९६५ साली टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर म्हणाला. त्या पहाटे त्याच्या शेजारी असलेल्या त्याच्या भावाला, फ्रँकला, आठवत होतं ते एवढंच, 'जमलं'! तोंडून निघालेलं वाक्यच हवं असेल तर ते केनेथ बेनब्रिजचं घ्या. चाचणीची सगळी जबाबदारी त्याच्यावर होती. स्फोटानंतर तो ओपेनहायमरला म्हणाला, "आता आपण सगळेच हरामखोर." आपल्याकडे या प्रसंगाला हात घालणारा जो तो गीता काढतो. ही शिवी कुणी काढत नाही.

पण गीता टाकून देऊ नका, फक्त तीन महिने मागे न्या. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला गेले. त्या रविवारी लॉस अलामॉसच्या, म्हणजे जिथे बॉम्ब बनत होता त्या गुप्त वसाहतीच्या, थिएटरात शोकसभा झाली. रात्रभर बर्फ पडून सगळं पठार पांढरं झालं होतं. तिथे ओपेनहायमर खरोखरच गीतेतलं बोलला, आणि तेही सतराव्या अध्यायातलं : 'श्रद्धामयोऽयं पुरुषो यो यच्छ्रद्धः स एव सः.' बर्कलीला आर्थर रायडरकडे तो संस्कृत शिकला होता, तेव्हा हे काही ऐकीव नव्हतं. समोर बॉम्ब बनवणारी माणसं बसली आहेत आणि त्यांचा म्होरक्या म्हणतोय, ज्याची जशी श्रद्धा तसा तो माणूस. एवढा प्रसंग आयता हाताशी असताना हात कसले जोडायला लावताय?

स्फोटाच्या प्रकरणात भव्य विशेषणं फार झाली आहेत. त्याऐवजी त्याच्या आधीचे तीन दिवस लिहा. १३ जुलैला मॅकडोनाल्ड नावाच्या शेतकऱ्याच्या रिकाम्या घरात, झोपायच्या खोलीत, प्लुटोनियमचा गाभा जुळवला. धूळ येऊ नये म्हणून खिडक्या प्लास्टिकने बंद केल्या होत्या. मग टॉवरच्या पायथ्याशी तो बॉम्बमध्ये बसवायला गेले तर बसेचना! गाभा गरम, बाहेरचं कवच थंड. दोन्ही एकमेकांना टेकवून थांबले, तापमान सारखं झालं आणि तो अलगद आत सरकला. ती काही मिनिटं तिथल्या माणसांनी कशी काढली असतील, ते लिहायला कादंबरीकार लागतो. दुसऱ्या दिवशी बॉम्ब शंभर फुटी टॉवरवर चढवताना खाली गाद्या रचल्या होत्या. दोर तुटला तर असू द्यात म्हणून! पंधराच्या रात्री वादळात, विजा चमकत असताना, त्या टॉवरवरच्या पत्र्याच्या खोपटात बॉम्बशेजारी डोनाल्ड हॉर्निग पुस्तक वाचत बसला होता. स्फोटाची पहाटे चारची वेळ पावसामुळे साडेपाचवर गेली.

आता नायिका. बहुतेक बायकांना नवरा कुंपणाच्या आत नेमकं काय करतो हे सांगितलेलं नव्हतं. पत्रं सेन्सॉर होत. पत्ता एकच, पोस्ट बॉक्स १६६३, सांता फे. तिथे जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावरही तोच. नायिकेला दिवस गेले आहेत, म्हणजे हे तुम्हाला उपयोगी पडेल. तिला हुशार ठेवा, अंदाज बांधू द्या, पण तिच्या नवऱ्याने तिला जेवताना साखळी अभिक्रिया समजावून सांगितली आहे, ती चार पानं काढा. आणि ऑफिसातही कुणी 'बॉम्ब' म्हणत नसे, 'गॅजेट' म्हणत. नील्स बोरसारखा नामवंत भौतिकशास्त्रज्ञसुद्धा तिथे निकोलस बेकर या नावाने वावरत होता.

शेवटचं, तुमच्या पहिल्या प्रकरणाबद्दल. नायिका टबमध्ये तासभर पडून आईच्या आठवणीने रडते. टब होते ते फक्त त्या जागी आधी असलेल्या शाळेच्या मास्तरांच्या घरांत, आणि ती घरं बड्या मंडळींना मिळाली. त्या गल्लीचं नावच 'बाथटब रो' पडलं होतं. तुमच्या नायिकेचा नवरा अजून पंचविशीतला, नवखा. तेव्हा तिला शॉवरखाली रडू द्या, आणि लवकर आवरू द्या. पाण्याची तिथेही टंचाईच होती.