रंकाळ्यावर गिटार वाजवायला अँप घेतोयस, तर एवढं बघ

भावा, खोलीत गिटारचा पाच वॅटचा अँप (अँप्लिफायर) भिंती हलवतो, पण कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर तोच गप्प होतो. उघड्यावर आवाज परत फेकायला भिंतच नसते, अंतर दुप्पट झालं की तो सुमारे ६ डेसिबलनं पडतो. त्यात भेळेच्या गाड्यांचा गलका. नुसत्या वॅटच्या आकड्यावर जाऊ नको, दुप्पट वॅटनं जेमतेम ३ डेसिबल वाढतात. स्पीकर केवढा आहे ते आधी बघ. बॉस कटाना मिनी ७ वॅटचा, पण स्पीकर चार इंची. घरी सरावाला झकास, कट्ट्यावर नाही. रोलँडच्या क्यूब स्ट्रीट ईएक्सला आठ इंची दोन स्पीकर, ५० वॅट, आणि चालतो आठ पेन्सिल सेलवर. महाग आहे, पण गाणारा सोबत असेल तर माझं मत त्यालाच, कारण माईकची सोय त्यातच आहे.

सेल बदलता येणारा अँप मला जास्त पटतो. आतली लिथियम बॅटरी मध्येच संपली तर गाशा गुंडाळायचा. सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. रिचार्जेबल सेलचे दोन संच ठेव. कंपनी सांगते तेवढे तास मोठ्या आवाजात मिळत नाहीत, निम्मेच धर.

अँप जमिनीवर सपाट ठेवू नको, मागं कलता ठेव, म्हणजे आवाज लोकांच्या पायात न जाता कानावर जाईल. ॲकॉस्टिक (बिनविजेची) गिटार असेल तर अँपवर तिचं वेगळं चॅनल हवंच. दुकानात स्वतःची गिटार ने, जमलं तर अँप बाहेर फुटपाथवर काढून वाजव. आणि रात्री दहाच्या आत आवर, नियमच आहे.