बीबीएला इन्फर्मेशन सिस्टिम्स घ्यावं की फायनान्स? कोडिंग येत नाही, नागपुरात राहतो

इन्फर्मेशन सिस्टिम्स घ्या. मी स्वतः कॉमर्सचा आहे आणि नागपुरातल्या व्यापाऱ्यांकडे, बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत ईआरपी (खरेदी, स्टॉक, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवून देण्याचं काम करतो, त्या अनुभवावरून सांगतोय. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या वर्षाला आहात, कोडिंगची भीती वाटते आणि सीनियर म्हणतात की हा विषय नुसता थिअरीचा, नोट्स पाठ केल्या की झालं. पाठ करून पास होता येतं, हे खरं. पण मग टीपीएस, एमआयएस, डीएसएस (व्यवहार नोंदवणाऱ्या, मॅनेजरला अहवाल देणाऱ्या आणि निर्णयाला मदत करणाऱ्या सिस्टिम्स) ही आद्याक्षरं तेवढी लक्षात राहतात आणि विषय हातचा जातो.

धंद्यातली कुठली गोष्ट कोणी, कुठे, कधी नोंदवायची आणि ती नोंद पुढे कोणाच्या कामी यायची, हे ठरवणं म्हणजे हा विषय. त्यासाठी आधी धंदा कळावा लागतो, आणि तिथे तुम्ही इंजिनिअरिंगच्या पोरांपेक्षा पुढे आहात. उधारी, क्रेडिट नोट, लेजर हे त्यांना पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं.

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका किराणा होलसेलरकडची गोष्ट सांगतो. रायपूरची एकच पार्टी त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये तीन नावांनी होती. एकदा नुसतं नाव, एकदा नावापुढे 'रायपूर', एकदा आधी 'मेसर्स'. तीन वेगवेगळ्या माणसांनी घाईत केलेल्या एंट्र्या. शेठजींनी उधारीची मर्यादा ठरवून दिली होती, पण रक्कम तीन लेजरमध्ये, म्हणजे तीन खात्यांत, वाटली गेल्यामुळे कुठलंच लेजर मर्यादेला टेकत नव्हतं. स्क्रीनवर सगळं ठीक आणि बाजारात पैसा अडकलेला. मुनीमजींना विचारलं तर म्हणाले, 'अहो, हे तिन्ही एकच हाय ना, मला मालूम हाय.' त्यांना माहीत होतं, सॉफ्टवेअरला नव्हतं.

आता तुमच्या पुस्तकातली 'प्रायमरी की', म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखू येईल अशी खूण, इथे आणून बघा. पहिला विचार येतो की प्रत्येक पार्टी जीएसटी नंबरवरून ओळखावी. हा नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि छत्तीसगडचे २२. पुढची १० अक्षरं म्हणजे त्या पार्टीचा पॅन. म्हणजे त्याच व्यापाऱ्याने नागपुरात गोडाऊन घेऊन इथे नोंदणी केली की त्याला दुसरा जीएसटी नंबर मिळणार, पॅन मात्र तोच राहणार. बिलावर जीएसटी नंबर लागतो, उधारीची मर्यादा मात्र पॅनवर बांधायला हवी. आणि ज्या छोट्या दुकानदारांची जीएसटी नोंदणीच नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी आपला स्वतःचा पार्टी कोड काढावा लागतो, आणि नवीन पार्टी उघडायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवावा लागतो. यातला शेवटचा निर्णय सॉफ्टवेअरचा नाहीच, तो मॅनेजमेंटचा आहे. म्हणूनच हा विषय बिझनेसच्या डिग्रीत आहे. १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना संगणकतज्ज्ञ कॉड यांनी रिलेशनल मॉडेल (माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवायची पद्धत) मांडलं, ते परीक्षेत लिहाच, पण त्याची गरज कुठे पडते ते इतवारीत दिसतं.

डाळ मिल याहून अवघड. दुकानात जो माल घेतला तोच विकला जातो. मिलमध्ये तूर आत जाते आणि डाळ, चुनी, भुसा असं वेगवेगळं बाहेर येतं. खरेदी-विक्रीच्या नोंदी कितीही नीट ठेवा, मधली उत्पादनाची नोंद नसेल तर स्टॉक कधीच जुळणार नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी मॅन्युफॅक्चरिंग जर्नल (कच्चा माल किती गेला, तयार किती झाला याची नोंद) असतं, पण ते रोज कोणी भरायचं, मशीनवरच्या माणसाने की ऑफिसातल्या, आणि वजन कुठल्या काट्याचं धरायचं, हे कोणीतरी मिलमध्ये उभं राहून ठरवावं लागतं. मला हे काम फार आवडतं, खरंच.

फायनान्स की हा, असा पेच मुळात फार मोठा नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. रायपूरला ५०,००० रुपयांच्या वरचा माल पाठवायचा तर ई-वे बिल (माल नेण्यासाठीचं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र) आधी तयार लागतं. हिशेब आणि सिस्टिम आता एकमेकांत इतके गुंतलेत की एकच येणारा माणूस अर्धाच उपयोगी पडतो. तुमच्या कॉलेजात दोन्ही घेता येत असतील तर दोन्ही घ्या.

कोडिंगबद्दल: एक्सेलमध्ये पिव्हट टेबल आणि लुकअप हातात बसवा, मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिका. ते फुकटात शिकता येतं आणि कॉमर्सच्या मुलांना लवकर जमतं, कारण 'मार्चमध्ये कुठल्या पार्टीकडे किती येणं होतं' असाच प्रश्न त्यात विचारायचा असतो. एसएपीचे (मोठ्या कंपन्या वापरतात ते ईआरपी) महागडे क्लास आत्ता लावू नका. धंद्यातला माल आणि पैसा कसा फिरतो हे कळण्याआधी ती स्क्रीन पाठ करून काही हाती लागत नाही.

सुट्टीत ओळखीच्या एखाद्या दुकानात किंवा गोडाऊनमध्ये जाऊन बसा. एक ऑर्डर फोनवर आल्यापासून तिचे पैसे जमा होईपर्यंत मागे लागा आणि तोच माल, तीच रक्कम किती ठिकाणी पुन्हा लिहिली जाते ते कागदावर मांडा. प्रोजेक्टला विषय म्हणून तेच द्या. गाईडनी आक्षेप घेतला तर त्यांना सांगा की हाच डेटा फ्लो डायग्राम (माहिती कुठून कुठे जाते याचं चित्र) आहे, फक्त खऱ्या दुकानाचा.