आई शेजारी असली की बाबांचा गुडघा कमी दुखतो, मी गेले की जास्त. हे नाटक समजायचं का?

नाही, नाटक नाही. तुम्ही लिहिलंय की गुडघा बदलून तीन आठवडे झाले, आई व्यायाम करून घेते तेव्हा बाबा निमूट करतात आणि तुम्ही शनिवारी घरी आलात की कण्हायला लागतात. "आमच्याकडून लाड करून घेतात का?" हे तुमचं वाक्य मात्र त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. आपल्यावर विश्वास नाही असं पेशंटला एकदा वाटलं की तो सांगायचंच बंद करतो, आणि मग खरोखर काही बिघडलं तरी कळत नाही.

मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे. १४ वर्षं झाली, बहुतेक काम पेशंटच्या घरी जाऊन. तुमच्या घरासारखं घर मला दर दोन-तीन महिन्यांनी भेटतं.

गुडघ्यातून मेंदूकडे जातो तो इशारा. त्याचं दुखणं किती करायचं हे मेंदू ठरवतो, आणि ठरवताना भोवतालचंही बघतो. शेजारी कोण आहे, ते माणूस घाबरलेलं आहे की निवांत, पुढे काय होणार आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेल्या व्याख्येतच वेदना हा संवेदनेबरोबर भावनेचाही अनुभव आहे असं म्हटलंय. २०२० साली व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांमध्ये लिहिलं की एखादा माणूस दुखतंय म्हणाला तर त्याचं म्हणणं मानायला हवं.

अमेरिकेत जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ विवाहित बायकांना एमआरआयच्या यंत्रात झोपवलं आणि घोट्याला विजेचा हलका झटका बसू शकतो असं सांगितलं. कधी हातात नवऱ्याचा हात, कधी अनोळखी माणसाचा, कधी कुणाचाच नाही. धोक्याची चाहूल लागली की मेंदूचे जे भाग खडबडून जागे होतात, ते नवऱ्याचा हात धरल्यावर सगळ्यात शांत राहिले. अनोळखी हातानेही थोडा फरक पडला. आणि मला फार महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की ज्यांचा संसार जास्त सुखाचा, त्यांना त्या हाताचा फायदाही जास्त झाला. प्रयोग झटक्याच्या भीतीवर होता, ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर नव्हे, हे खरं. पण गुडघा वाकवताना पेशंटचं निम्मं भांडण भीतीशीच असतं, हे मी रोज बघते.

आता तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू. जवळचं माणूस असलं की दुखणं कमीच होतं असं नाही. जर्मनीतल्या हेर्टा फ्लोर यांनी जुन्या पाठदुखीच्या पेशंटवर बरंच काम केलं. ज्यांचे जोडीदार दुखण्याची सतत विचारपूस करायचे, हातातलं काम काढून घ्यायचे, त्यांच्या मेंदूने जोडीदार समोर असताना पाठीवरच्या उत्तेजनाला जास्त जोरात प्रतिसाद दिला. काळजी खरीच असते. पण त्या काळजीतून मेंदूला कळतं ते इतकंच, की काहीतरी गंभीर आहे.

गेल्या वर्षी माझ्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका होते. मी गुडघा वाकवत असताना काकू पलंगाच्या कडेला मेथी निवडत बसायच्या. वर बघायच्याही नाहीत. "सहा... सात... झालं, तीनच राहिले." एक पाय मात्र काकांच्या दुसऱ्या पायाला टेकवलेला. रविवारी पुण्याहून मुलगी आली की दारातूनच "बाबा, खूप दुखतंय का हो? राहू द्या ना आज!" आणि काका पाचव्यालाच ओरडायचे. मुलीचा जीव तुटत होता, त्यात शंकाच नाही. तिला मी एवढंच सांगितलं की पहिला प्रश्न बदल. पुढच्या खेपेला तिने विचारलं, "बाबा, आज किती वाकला?" काकांनी पाय पुढे करून दाखवला.

थोडं विषयांतर. माझ्या पहिल्या बाळंतपणात लेबर रूममध्ये कुणालाच येऊ दिलं नव्हतं. दुसऱ्या वेळी, वेगळ्या ठिकाणी, मावशी सोबत होती. ती फारसं बोललीच नाही, कळ आली की कंबर दाबायची. दोन्ही वेळच्या कळांची तुलना मी करू शकत नाही, पण पहिल्या वेळेची आठवण आजही अंगावर येते, दुसऱ्या वेळेची नाही. प्रसूतीत अखंड सोबतीचा कॉक्रेनने, म्हणजे जगभरचं वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, २०१७ मध्ये आढावा घेतला. त्यात २६ चाचण्या आणि १५ हजारांहून जास्त बायका होत्या. सोबत असलेल्यांना वेदनाशामकं कमी लागली आणि कळांचा काळही कमी झाला. आपल्या केंद्र सरकारने २०१६ पासून सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी घरची एक बाई सोबत राहू शकेल अशी मुभा दिली आहे. घरात कुणी गरोदर असेल तर हे आधीच विचारून ठेवा.

सोबतीने औषधाची गरज संपत नाही. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर चालेल का, हे त्यांना विचारा. पोटरी सुजून दुखायला लागली, ताप आला, टाक्यांतून पाणी आलं किंवा एकाएकी धाप लागली, तर कण्हणं खरं की खोटं या चर्चेत वेळ न घालवता लगेच डॉक्टरांकडे न्या.

या शनिवारी घरात शिरल्यावर गुडघ्याबद्दल आधी काही विचारू नका. चहा घ्या, ऑफिसातलं काहीतरी सांगा. व्यायामाच्या वेळी उशाशी बसून त्यांचा हात धरा, आणि आकडे मोजायचं काम आईकडेच राहू द्या.